दाराखालची तीन बोटं जागा

कोठीच्या खोलीचं दार ओतारनं तासलं
रिओनीला पूर आला, लाकूड फुगलं, त्या वर्षी.
तासायचं होतं एक बोट, तासली तीन.
तेव्हापासून दर हिवाळ्यात मी त्या फटीत जुनं पोतं कोंबते
आणि दर हिवाळ्यात त्याला ऐकवते.

या ऑक्टोबरात तेंगिझच्या पावभट्टीमागे, कोमट राखेत
पिल्लू सापडलं.
मूठभर. त्यातही अर्धी मूठ कानच.
"रविवारपर्यंत," वर्तमानपत्राच्या आडून ओतार म्हणाला.
आणि बातोनी, आमचा बोका, वय वर्षं चौदा,
डाव्या कानाला खाच, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
रेडिओवरून खाली उतरला,
माझ्या हाताचा वास घेतला
आणि असं पाहिलं माझ्याकडे
की मी मुकाट्यानं जाऊन हात धुऊन आले.

माक्वाला गुरांची डॉक्टर, गल्लीच्या टोकाला राहते.
म्हणाली, घाई नको.
आधी वास, मग आवाज, तोंड सगळ्यात शेवटी.
"आपलं उलटं झालं," ओतार म्हणाला,
"तोंड आधी पाहिलं,
आवाज लग्नानंतर कळला."

पिल्लू कोठीत, अक्रोडांच्या माळांखाली.
बोक्याच्या उशीचा अभ्रा तिकडे नेला,
पिल्लाचं फडकं इकडे आणलं.
बातोनीनं फडक्यावर पाय वर करून
आपलं उत्तर लिहिलं.
मी ते धुऊन पुन्हा पाठवलं.

मग बशा. दाराच्या अलीकडे एक, पलीकडे एक,
रोज एक फरशी पुढे.
चौथ्या फरशीवर बातोनी फिस्कारला,
सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा,
आणि मासा तसाच टाकून पलंगाखाली गेला.
दोन दिवस.

दुसऱ्या रात्री मी पलंगापाशी जमिनीवर बसले.
म्हटलं, अरे, तुझं कोण काय घेतंय?
तो काही बोलला नाही.
मलाच ऐकू आलं, मी खोटं बोलले ते.
घेतच तर होतं:
सकाळचा पहिला तुकडा,
रेडिओवरची उबदार जागा, आज ना उद्या,
आणि माझा एक हात तर गेलाच होता.
म्हटलं, बरं. घेतंय.
मासा हातावर धरला.
बऱ्याच वेळानं त्यानं खाल्ला, माझ्याकडे न बघता.

रविवार आला. ओतार गळ घेऊन नदीवर गेला.
पुढचाही आला.

मग एका दुपारी मी पर्सिमन सोलत होते,
आणि फटीतून बाहेर आला एक पंजा,
तळवे अजून राखेसारखे.
चाचपडला. उजवीकडे. डावीकडे. कुणी आहे का?
बातोनी पाहत होता.
उठला, जवळ गेला,
आणि आपला जड पंजा त्या पंजावर ठेवला.
मारला नाही. ठेवला.
माझी सुरी अर्ध्या सालीत थांबली.
नखं आत होती.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं
तेव्हा मात्र सणसणीत एक लगावली त्यानं.
पिल्लू चुलीपर्यंत गडगडत गेलं,
उठलं, अंग चाटल्यासारखं केलं,
आणि येऊन त्याच्याच शेपटीपाशी बसलं.

चाटत नाहीत ते एकमेकांना.
शेजाऱ्यांना वाटतं तसं काही घडलं नाही.
पण बातोनीला आता एका उडीत रेडिओ गाठवत नाही,
आधी खुर्ची, मग टेबल, मग वर,
आणि पिल्लालाही अजून गाठवत नाही,
आधी खुर्ची, मग टेबल,
तिथे थांबून वाट पाहायची, वरून गुरगुर थांबेपर्यंत.
खुर्ची एकच. ओतारची.
तो हल्ली स्टुलावर बसून वाचतो.

डिसेंबर लागलाय.
दाराखालून वारा येतो, पायांना चावतो.
पोतं घडी घालून कोनाड्यात पडलंय.
ओतारनं मोज्यांवर मोजे चढवले,
फटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
यंदा मी काही ऐकवलं नाही.