गाठीची फळी

(फ्युसेन गाव, आल्प्सच्या पायथ्याशी. चित्रकार सांगतो.)

ल्यूटचे पैसे माझ्याच्यानं फिटेनात,
तेव्हा वेंडेल क्राइश म्हणाला, मग मला रंगव.
फळीही त्यानंच दिली,
स्प्रूसची, बारा वर्षं माळ्यावर मुरलेली.
बोटाच्या पेरानं ठोकली, कानाशी धरली.
बद्द.
"गाठ आहे हिच्या पोटात. गाणार नाही.
तुझ्या कामाला चालेल."

चार रविवार समोर बसला, प्रार्थनेनंतर,
नखांतला सरस तसाच.
तयार ल्यूट घे हातात, म्हटलं, तर नाही म्हणाला:
तार चढली की ते गिऱ्हाइकाचं.
मांडीवर घेतलं ते अर्धवट,
नऊ फाका जोडलेलं नुसतं पोट.
वरची पाटी, तारा, घोडी
मी मनानंच काढली.

शेवटच्या दिवशी उठला आणि कंपास घेऊन आला.
डोळे पाहिले नाहीत, नाक नाही,
अपोलोनियानं रात्र जागून चुण्या घातलेली कॉलर नाही.
घोडी मोजली.
"दोन बोटं वर आहे. असलं वाद्य बेसूर बोलेल."
चित्रातलं कोण वाजवणार, मी म्हणालो.
तो नुसता बघत राहिला.
मी घोडी खाली आणली.

पुढे खरे घोडे आले, स्वीडनचे,
चर्चमधलं ऑर्गनचं शिसं उपसून गेले, गोळ्यांसाठी.
त्यांच्या मागोमाग गाठीचा ताप.
वेंडेलच्या काखेत सोमवारी दिसली,
गुरुवारी आम्ही चुना टाकत होतो.

त्या हिवाळ्यात अपोलोनियानं साचे जाळले,
आधी लहान, मग मोठे.
मला निरोप आला: चित्राला काहीतरी होतंय.
होतंच होतं. पातळ झालेल्या रंगातून
जुनी घोडी वर आली होती, दोन बोटं वर, माझी.
आणि डाव्या गालात
फळीची गाठ, डिंकाचा एक पिवळा थेंब घेऊन.

मी ब्रश काढायला लागलो.
तिनं चित्र खाली उतरवलं,
पाठीवर पेरानं ठोकलं,
कान लावला.
चुलीत बास ल्यूटचा साचा तडतडत होता, शेवटचा.
मी हातात टोपी धरून उभा.

"उतरलाय थोडा," ती म्हणाली. "थंडीनं."
आणि चित्र चुलीपासून जरा लांब,
पण फार लांब नाही,
टेकवून ठेवलं.