हीर

फोंड्याच्या वरच्या बाजारात दुपारी साडेतीनला
अर्धे शटर वर करून दत्तू रायकरांनी मला आत घेतले
आणि विचारले, लग्न? बारसे? की नुसतेच?
नुसतेच, म्हटले.
"नुसतेच सगळ्यांत कठीण," म्हणाले,
आणि पंखा बंद केला. बारीक खडे उडतात.

गुलाबी कागदाच्या पुड्या सोडू लागले,
वैद्य सोडतो तशा.
पुष्कराज, सायीवर केशराची काडी विरघळावी तसा.
माणिक, पेल्याच्या तळाशी उरलेला
भिरंडाच्या सरबताचा घोट.
गोमेद म्हणजे माडाच्या गुळाचा खडा, मुंगी तेवढी नाही.
नीलम मात्र उघडलाच नाही.
"तीन रात्री उशीखाली ठेवून बघतात लोक,
वाईट स्वप्न पडले की परत आणतात.
स्वप्ने मी परत घेत नाही."

पैसे तिघी बहिणींचे होते.
ज्योत्स्ना मस्कतहून : हिराच घे, सर्टिफिकेट माग.
निर्झरा पुण्याहून : हिरा नको,
खाणींत माणसांचे काय होते वाचलेस का कधी? मोती घे.
मग दोघी माझ्याच फोनवर एकमेकींशी भांडल्या.
मी तो काचेवर उपडा ठेवला.

आकयसाठी हवे, मी सांगितले. बाबांची बहीण.
आई गेल्यावर आम्हाला वाढवले तिने,
मंगेशी, नागेशी, म्हार्दोळ,
जत्रेजत्रेला खाजे विकून.
हातांना आल्याचा वास,
आणि तोलून झाल्यावर वर टाकलेले
एक खाजे, नेहमी.

"सवाशीण?"
नाही. सव्विसाव्या वर्षापासून नाही.
"मग अंगठी बघा. बोटाला कोणी नावे ठेवत नाही."
चमकी हवी, म्हटले.
रायकरांनी भिंग डोळ्यावरून काढले.
"बेचाळीस वर्षे झाली ना?
नाकाचे भोक सहा महिन्यांत बुजते, बाये.
कातडीला आठवण नसते."

फोन सुलटा केला, आकयला लावला.
जेवलीस? तिने विचारले. मी म्हटले, हो.
आकय, तुझ्या नाकाचे भोक अजून आहे?
पलीकडे एक कावळा ओरडला, मग दुसरा.
"बुराक? आसा मगो."
दर रविवारी न्हाल्यावर हीर घालते म्हणाली,
केरसुणी बांधताना टोकाकडचा मऊ निवडून ठेवलेला,
खोबरेल लावून.
का गं?
"काडूंक सांगिल्लें.
बुजोवंक कोणेंच सांगूंक नाशिल्लें."
आणि लगेच ज्योत्स्नाच्या गुडघ्याची चौकशी.

रायकरांनी सगळ्या पुड्या मिटल्या,
एक उघडली, सर्वांत लहान. सहा हिरे,
तिळाहून थोडे मोठे.
ते दाराशी नेले. ट्यूबलाइट खोटे बोलते म्हणाले.
एकावर फुंकर मारली, वाफ थांबली नाही.
दुसऱ्यातला काळा ठिपका त्यांनीच दाखवला :
हा स्वस्त पडेल, नाकावर कोणाला दिसायचा नाही.
तिला दिसेल, मी म्हटले.
मान हलवली. तो परत पुडीत गेला.

मग प्रश्न तारेचा. किती जाड?
ते उठले, कोपऱ्यातली केरसुणी घेतली,
तिच्यातून एक हीर उपसला,
नखाने सोलला, टोक मोडले,
आणि सोने मोजायच्या पितळी मापात धरला.
इतका वेळ त्यांनी हिराही धरला नव्हता.

बिल लिहिताना पेन अडले.
कागदावर 'हीर' एवढेच उमटले होते.
बघत राहिले. मग शेजारी काना ओढला,
वेलांटी राहिली तशीच, दीर्घ.

बसमध्ये बसून बिलाचा फोटो दोघींना पाठवला.
निर्झराने उत्तर दिले नाही.
ज्योत्स्नाने लिहिले : शुद्धलेखन चुकले आहे.
आणि सर्टिफिकेट कुठे?