तिसऱ्या मजल्यावरचं दार

दाउगावपिल्स. उणे अकरा.
जिन्याचं अग्निरोधक दार
स्टूल लावून उघडं ठेवलेलं,
स्टुलावर काकडीच्या लोणच्याची बरणी.

वेल्टा फॉर्म भरू लागते.
"दार जड आहे," झेनोन्स म्हणतो,
"एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी.
तिसरा हात कुठल्या कलमात लिहिलाय?"

ती हसत नाही.
मागच्या हिवाळ्यात, दोन गल्ल्या सोडून,
असंच एक दार उघडं सापडलं
आणि धूर जिना चढून गेला,
कुणाची बेल न वाजवता.

बरणी ती त्याच्या हातात देते.
स्टूल घरात सरकवते.
मग पर्समधून पाना काढून
दाराची स्प्रिंग दोन आटे सैल करते.
याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

झेनोन्स करंगळीनं दार ढकलून बघतो.
उघडतं. आपलं आपण मिटतं.
पुन्हा बघतो.

दंड मात्र लागतोच.