हातचा

पायऱ्या दोनशे चौदा, पिवळ्या.
निवडणुकीच्या वर्षी बांधल्या नगरपालिकेने.
पुढच्या एकतीस राहून गेल्या,
तिथे आम्ही जुने टायर पुरलेत मातीत.

सहाला चढायला लागते मी.
पिशवीत गोळ्या, वजनकाटा, निळ्या पुठ्ठ्याची वही.
पगार नाही मला. ओळखपत्र आहे.

लिमात पाऊस पडत नाही.
जूनपासून समुद्राकडून धुकं येतं आणि बसून राहतं,
नको असलेल्या पाहुण्यासारखं, सप्टेंबर उलटेपर्यंत.
पत्रे गळत नाहीत इथे, त्यांना घाम येतो.
वाळत घातलेला शर्ट चौथ्या दिवशी ओलाच अंगात चढवायचा
आणि खोकत उतरायचं कामाला.

पहिलं दार विल्मेरचं. वय एकोणीस.
आ कर. जीभ उचल.
गोळी गिळलेली डोळ्यांनी बघायची, असा नियम आहे.
चार गोळ्या, अर्धा पेला पाणी.
पाणी त्याची आई पहाटे जाताना
मोजून, बशीने झाकून ठेवते.
टँकर परवा आला नाही, कालही नाही.
येईल तेव्हा पिंपामागे मागेल तो भाव
आणि वर म्हणेल, घ्यायचं तर घ्या.

"रिकाम्या पोटी मळमळतं, मावशी."
मी लिहिते: घेतल्या.
रिकाम्या पोटाला वहीत रकाना नाही.

दारात यादिरा, त्याची धाकटी बहीण,
पाटीवर बेरीज मांडून बसलेली.
सात आणि तीन दहा.
"शून्य लिही," मी सांगते, "हातचा एक."
"हातचा जातो कुठे?"
"शेजारच्या घरात. दशकाच्या."
"मग आपल्या घरात शून्यच?"

टेकडीच्या माथ्यावर भिंत आहे.
तिच्यावरून उडी मारता आली तर
नेलिदाचं कामाचं घर दहा मिनिटांवर.
वळसा घालून, दोन बस बदलून, दीड तास.
तिथे ती हिरवळीला पाणी सोडते,
तुषार गोल गोल फिरतात, आणि ती
मनातल्या मनात पिंपं मोजते:
हे एक गेलं. हे दुसरं.

तिची मालकीण वाईट नाही.
सेन्योरा ग्रासिएलाने नाताळला बूट दिले होते, जवळजवळ नवे.
दाराला तीन कुलपं, फाटकावर पहारेकरी,
आणि झोपेची गोळी, हल्ली एकाच्या दोन.
कशाची भीती, विचारलं तर सांगता येत नाही तिला,
फक्त हात वर जातो, टेकडीकडे.

मंगळवारी तिचा नातू खोकला. ब्रुनो, पाच वर्षांचा.
सेन्योराने विचारलं,
"तुझ्याकडे कुणी खोकतं का गं?"
"नाही," नेलिदा म्हणाली.

नेलिदा माझी धाकटी बहीण.
विल्मेर तिचा मुलगा.
ब्रुनोला रोज तीच भरवते, तीच निजवते,
स्वतःच्या पोरांना निजवायला घरी पोचत नाही म्हणून
गाणी सगळी त्याच्यावर खर्च करते.

वहीत एक रकाना आहे: संपर्कातली माणसं.
तिथे मी लिहिलंय: आई. बहीण. मावशी.
नोकरी गेली तर टँकरचे पैसे कुणी द्यायचे,
म्हणून थांबले तिथेच,
हातचं राखून.

विल्मेरचा खोकला आता लागणारा नाही, डॉक्टर म्हणाले.
नेलिदाची तपासणी मात्र दोनदा चुकली,
सुट्टीचा पगार कापतात म्हणून.
काल रात्री पलीकडच्या चटईवरून
ती खोकली. एकदाच.
तोंडावर उशी दाबून.

आज उतरताना एकशे नव्वदाव्या पायरीवर बसले.
धुकं भिंतीवरून पलीकडे चाललं होतं,
पहारेकऱ्याने नाव विचारलं नाही त्याला.
पेन्सिल काढली.
त्या रकान्यात, मावशीच्या खाली,
लिहिलं ब्रुनो,
आणि किती तरी वेळ
खोडरबर हातातच धरून बसले.