सहा मिलिमीटर

सकाळी साडेआठला इन्क्युबेटर उघडला
की आधी वास येतो,
गोडसर, उतू लागलेल्या द्राक्षांचा.
मग मी प्लेट खिडकीकडे धरते
आणि पट्टीनं मोजते.

चकतीभोवती मोकळी जागा असेल
तर औषध लागू. वीस मिलिमीटर, बावीस.
सहा आलं तर काहीच आलं नाही:
सहा म्हणजे खुद्द चकतीचीच रुंदी.

बेड चार, दैवशाला घोडके, वय एकतीस.
सहा. सहा. सहा. सहा.
आठ, तेही माझ्या डोळ्यांचं औदार्य.
सहा.

पुण्याहून आलेल्या मॅडम म्हणाल्या,
आमच्याकडे हे तिसरं अजून चालतं की.
चालतं. तिकडे चालतं.
बारा कोसांवर बोली बदलते म्हणतात,
तसं यांचंही असावं.
नाव तेच, क्लेबसिएला,
पण औशाचा हट्ट वेगळा, उदगीरचा वेगळा,
आणि हैदराबादेत महिनाभर राहून परतलेला
कुणाच्याच बापाचं ऐकत नाही.

रजिस्टरात एक रकाना आहे: आधी घेतलेली औषधं.
मी नातेवाइकांना विचारते.
लाल-काळी गोळी, म्हणतात.
गावातल्या डॉक्टरनं दोन सुया दिल्या,
ताप उतरला, तिसरीला गेलोच नाही.
उरलेल्या गोळ्या सासूला दिल्या,
तिचा दात दुखूलालता.
मी लिहिते: माहीत नाही.

आयसीयूच्या दारात बेसिन आहे, देखणं,
कोपरानं उघडायचा नळ.
नळाला पाणी आठव्या दिवशी.
खाली निळा ड्रम, ड्रमवर मग.
मार्चमध्ये मी सगळीकडून स्वॅब घेतले,
कॉटचा दांडा, सक्शनची बाटली,
मॉनिटरचं बटण, मगाचा कान.
मगाच्या कानावर उगवलं.
डॉक्टर पटवेकरांनी तातडीनं मग बदलला.
लाल आणला.

एका सभेत नकाशा दाखवला होता,
कुठल्या भागात कोणतं औषध किती थकलं, रंगांनी.
आमच्यावर राखाडी. माहिती उपलब्ध नाही.
माझ्या कपाटात अकरा रजिस्टरं आहेत.
कुणी मागितली नाहीत, असं मी सांगते सगळ्यांना.
खरं तर फॉर्म आला होता,
चाळीस रकान्यांचा,
आणि त्या आठवड्यात मी एकटीच होते.

दुपारी नरहरी घोडके आला,
दैवशालाचा नवरा, औशात शिलाईचं दुकान,
बाहीला अजून निळा दोरा चिकटलेला.
प्लेट टेबलावर राहिली होती, झाकण लावून.
"ताई, ह्या गुंड्या हायत का?"
म्हटलं, औषधं आहेत.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला,
हात मागे बांधून, आपण होऊनच.
"गुंड्या लावल्यात बगा कुणीतरी.
काजंच केली नाहीत."

मी म्हटलं, एक राहिलंय.
त्याची चकती चालत नाही, नळीत लावावं लागतं.
उद्या कळेल.
"उद्या किती वाजता?"
साडेआठला.

तो बाहेर बाकावर जाऊन बसला.
बाहीवरचा दोरा त्यानं काढला,
फेकला नाही,
बोटाला गुंडाळत राहिला.