पेव

मिरजेत, दवाखान्याच्या तळघरात
माझी खोली काळ्या पडद्यांची.
सातगोंडा आप्पा हनुवटी टेकवून बसलेत,
थेंब घालून बाहुल्या मोठ्या झालेल्या,
बाही कोपराच्या वर.
"मान हलवू नका."
"व्हय," म्हणतात, आणि मानच हलवतात.

सुई शिरेत. सिरिंजमधला रंग
शेंदरी म्हणावा तर पिवळा.
आप्पांना धड दिसत नाही,
नाक तेवढं सवयीनं वळलं.
"वास न्हाई हिला. राजापुरी न्हवं ही."
हरिपूरच्या पेवांत चाळीस वर्षं
हळद भरली, काढली त्यांनी.

घड्याळ सुरू.
दंड, काळीज, मान, डोळा:
एवढ्या वाटेला बारा-तेरा सेकंद पुरतात.
आप्पांना एकोणीस लागले.
तेवढ्यात ते सांगून मोकळे झाले
की पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा दोरानं,
कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही.
"आमच्या धाकट्याच्या वक्ताला
कंदील सोडायचा इसरला."
कोण विसरलं, ते मी विचारलं नाही.
निळा लखलखाट सुरू झाला होता.

आधी नुसता काळोख.
मग एक शीर उजळली,
तिची फांदी, फांदीची फांदी,
आणि मध्येच मोहरीएवढे पांढरे ठिपके.
रंगानं शिरेत राहायचं असतं.
हा बाहेर येत होता,
कडा सोडून, सावकाश.
"मळमळतंय?"
"जरा."
"लांब श्वास घ्या."

दहाव्या मिनिटाला मधोमध ढग.
आप्पा पडद्याला नाक लावून बघत राहिले.
"पाणी मुरतंय."
हो, म्हटलं.
"पुराच्या साली असंच. वरनं भुई टणक,
पाय आपटला तरी कळंना.
आत सगळी हळद नासल्याली."

डॉक्टर म्हणाले, महिन्याला एक इंजेक्शन,
गेलेली नजर येईलच असं नाही.
"म्हंजे पी हळद नि हो गोरी, तसलं न्हाई."
डॉक्टर हसले. आप्पा नाही.

उद्यापर्यंत अंग पिवळं दिसेल,
लघवीही, घाबरू नका, मी सांगितलं.
त्यांनी तळवे डोळ्यांजवळ नेले,
उलटे केले, पुन्हा सुलटे.
"आत्ता कुटं उतरलं हुतं गं."

सून त्यांना हाताला धरून उन्हात घेऊन गेली.
हनुवटीखालचा कागद मी बदलला,
पुढचं नाव पुकारलं.