शिळं वाचन

भुमेश्वर टेंभरेचा कोड आला तेव्हा
लाइन गेलेली. लॅपटॉपमध्ये एकतीस टक्के,
रेंज फक्त माडीवर, धानाच्या ढोलीशेजारी.

तलावाच्या तुडुमाला आता मोटर बसलीय.
ती फिरवायचा ड्रायव्हर: चारशे बारा ओळी.
दार किती वर आलं ते चिपला विचारायचं,
अजून किती उचलायचं ते मोटरला सांगायचं. बस.

पण नावं कशी? टी. टी-टू. टेम्प.
आणि एक नुसताच एक्स, जो दीडशे ओळींनी
परत भेटतो, ओळख न देता,
पंगतीत शेजारी बसलेला कुणाचा तरी मामा.
इफच्या आत इफ, त्याच्या आत इफ.
पाचव्या धुऱ्यावर पोचेस्तोवर
कुठल्या बांधीतून निघाले होते तेच विसरले.

शेरे लिहायला लागले.
इथे टॅब, तिथे स्पेस, काय ते एक ठरव.
महिरपी कंस खालच्या ओळीवर नको.
हा अठ्ठावीस कुठून आला? त्याला नाव दे.
ओळी रोवण्यासारख्या हव्यात,
चिखलात उभं राहूनही मोजता याव्यात.
(हे शेवटचं खोडलं. शेऱ्यात कविता नको.)

दोनशे सहाव्या ओळीवर
एकच रजिस्टर लागोपाठ दोनदा वाचलेला,
पहिल्यांदा वाचून फेकून दिलेला.
लिहिलं: चुकून राहिलंय. काढ.

त्यानं काढलं. पोरगा ऐकणारा.
दुसऱ्या दिवशी पाळीवरून फोन:
"बाई, दार वीतभर आधीच थांबून राह्यलं."
मागं कुणीतरी ओरडत होतं, परे वाळतील म्हणून.

ती चिप विचारल्यावर आधी मागचं सांगते.
पुन्हा विचारलं, की आत्ताचं.
"पयलं वाचन शिळं असते," तो म्हणाला,
"तीन राती टॉर्च घेऊन बसलो पाळीवर, तवा समजलं."
मग लिहिलं का नाहीस तिथे?
"मले वाटलं, तुमाले माहीत असंन."

जुन्या तुडुमाचा खांब अजून उभा आहे पाण्यात.
त्यावर कुऱ्हाडीच्या तीन खाचा.
दोन सगळ्यांना कळतात: एक रोवण्याची,
एक धान निसवतं तेव्हाची.
तिसरी कशाची, ते फागोजी कापगते सांगू शकले असते.
ते गेले.
ती खाच आता कुणी वापरत नाही,
कुणी बुजवतही नाही.

मी शेरा मागे घेतला.
त्यानं ओळ परत घातली, वर टिपण:
पहिलं वाचन शिळं. दुसरं खरं. काढू नये.
आणि एक्सला, मी दोनदा म्हटलं म्हणून,
नाव दिलं: उरलेली उंची.

नाव आलं आणि मला दिसलं,
उंची उणे निघाली
की फंक्शन अर्ध्यातूनच घरी जातं
आणि मागे कुलूप लागलेलं राहतं.
मग मोटर कुणाचंच ऐकणार नाही,
पाणी पाळीला टेकलं तरी.

चारदा वाचली होती मी ती ओळ.
कंस बघत होते.

लिहिलं: कुलपाचं आज कर, आत्ता.
टॅबांचं राहू दे.

टॅब मला अजून खुपतात, ते वेगळं.